दोन दुष्काळ

1896 च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या पुण्यात येऊ लागल्या. विधवांसाठी काढलेल्या शारदासदनाचा खर्च तेव्हा अमेरिकेतून येणाऱ्या ठरावीक रकमेवर चालत होता, आणि त्या रकमेची दहा वर्षांची मुदतही संपत आली होती. पंडिता रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. हाताशी माणसं मोजकी, गावात निंदक भरपूर. तरी त्या गाडीत बसल्या आणि निघाल्या. दुष्काळात काय होतं हे त्यांना वर्तमानपत्रातून कळायची गरज नव्हती.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते, आणि तेवढेच हट्टी. बायकोला संस्कृत शिकवायचंच, या निश्चयापायी त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला आणि सह्याद्रीच्या कुशीत गंगामूळच्या रानात संसार मांडला. 23 एप्रिल 1858 रोजी रमाचा जन्म तिथला. पुढे पैसा संपला तसं घर सुटलं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला लागलं. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचं, श्रोत्यांनी पुढ्यात ठेवलेल्या धान्यावर आणि दक्षिणेवर गुजराण करायची, पुढच्या क्षेत्राला निघायचं. आईने, लक्ष्मीबाईंनी, रमाला चालता चालता शिकवलं. सोळाव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीला तोंडपाठ होते.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. रमाबाई त्याची वर्षं 1874 ते 1877 अशी सांगतात. सरकारदप्तरी नोंदलेला मद्रास इलाख्याचा महादुष्काळ 1876 ते 1878 चा. फरकाचं कारण उघड आहे. पुराण ऐकणाऱ्यांच्या घरात दाणा कमी झाला की पुराणिकाच्या घरातला आधी संपतो. डोंगरे कुटुंबाने देवाला साकडं घातलं. अनुष्ठानं केली, पवित्र तळ्यांत स्नानं केली, उरलासुरला पैसा ब्राह्मणभोजनात घातला. दागिने गेले, लुगडी-धोतरं गेली, भांडी गेली. मजुरी करावी हे कोणाच्या मनातही येत नव्हतं. शास्त्र्याच्या घराला ते शोभणारं नव्हतं. शेवटी रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि शिंदीची मूठभर फळं यांवर काढले. शास्त्रीबुवांनी तळ्यात जलसमाधी घ्यायचं ठरवलं तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि म्हणाला, मी मजुरी करीन. उशीर झाला होता. वडील गेले. जाण्याआधी त्यांनी रमाला जवळ घेऊन एवढंच सांगितलं की देवाला विसरू नकोस, सचोटीने राहा.

आई रायचुरात गेली. तापात तिला काहीतरी खावंसं वाटलं म्हणून रमा शेजारच्या दारात उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईने न मागता बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. आईच्या घशाखाली तो उतरला नाही. तिरडीला खांदा द्यायला दोनच ब्राह्मण मिळाले. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. उंचीला कमी पडल्याने तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. थोड्याच काळात थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

हे सगळं रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यानंतर, ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिलं, हे लक्षात ठेवलंच पाहिजे. वडिलांच्या श्रद्धेविषयी लिहिताना त्यांची लेखणी कडवट होते, आणि पुरोहितांविषयी लिहिताना तर धारदार. पण भाकरीचा तो तुकडा प्रचारासाठी रचलेला वाटत नाही. आणि खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या मुलीच्या घराने देवावर हवाला ठेवून उपासमारीत जीव दिले, तिने पुन्हा कोणत्याही देवावर हवाला ठेवावा कसा?

लगेच ठेवला नाही. भाऊबहीण हजारो मैल पायी हिंडले, थेट काश्मीरपर्यंत. झेलमच्या काठी थंडीत अंगावर घ्यायला काही नसल्याने त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून रात्र काढली. या भटकंतीत जुना विश्वास गळत गेला. व्रतं-वैकल्यं यथासांग करून फळ शून्य, हा अनुभव दोघांच्याही पदरी होता. 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या पंडितांनी रमेची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी वेद वाचा म्हणून सांगितलं. रमाबाई ब्राह्म समाजाच्या जवळ आल्या. एक निराकार ईश्वर आहे, एवढं उरलं. त्यावर भार टाकावा असं मात्र काही उरलं नव्हतं.

1880 मध्ये श्रीनिवास ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते जातीने शूद्र मानले जात, म्हणजे गावकीच्या दृष्टीने दुहेरी भ्रष्टाकार. सिल्चरला संसार थाटला. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूककृत शुभवर्तमान सापडलं, आणि ॲलन नावाच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने घरी येऊन उत्पत्तीची कथा समजावली. आपण ख्रिस्ती व्हावं की काय, असं त्यांनी बोलून दाखवलं तेव्हा बिपिनबाबू नाराज झाले. 16 एप्रिल 1881 ला मनोरमा झाली आणि 4 फेब्रुवारी 1882 ला पटकीने बिपिनबाबूंना नेलं. आठ वर्षांत पाच माणसं. बाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि कडेवर दहा महिन्यांची पोर होती.

पुढचा भाग महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुण्यात आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष, ‘स्त्रीधर्मनीति’. नीलकंठशास्त्री म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी झालेल्या चर्चा. 1883 मध्ये इंग्लंड. वाँटेजच्या मठात उतरल्यावर काही महिन्यांतच बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांत, 29 सप्टेंबरला, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गदारोळ उठला. ज्या थोड्यांनी त्यांची बाजू घेतली त्यांत जोतीराव फुले होते. 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंच्या निर्णयाची पाठराखण केली.

बाप्तिस्म्यानंतरच्या रमाबाई मात्र वाँटेजच्या मठाला झेपल्या नाहीत. सिस्टर जेराल्डाइन या त्यांच्या मानलेल्या आई, आणि त्या आईशी त्यांची पत्रांमधून झालेली भांडणं आजही वाचण्यासारखी आहेत. त्रैक्य मला पटवून द्या. येशूच्या जन्माविषयी चर्च सांगतं ते शास्त्रात कुठे आहे ते दाखवा. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, आपली का नाहीत? भारतातल्या पुरोहितांचं जोखड मानेवरून मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं घ्यायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. जेराल्डाइनबाईंना यात गर्व दिसला. मला यात अनंतशास्त्र्यांची लेक दिसते. वादाशिवाय काहीही मान्य करायचं नाही ही घरचीच शिकवण होती, आणि रानातले ते अकरा दिवस जगलेल्या माणसाने कोणाच्या शब्दावर देव स्वीकारावा अशी अपेक्षा करणंही चूक होतं.

1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक राहिल्या. पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली. 1887 च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने उच्चवर्णीय विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करण्याचं वचन दिलं. अट एक, कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, धोंडो केशव कर्व्यांच्या पुढे झालेल्या पत्नी.

सदनाच्या नियमात प्रार्थना सक्तीची नव्हती. रमाबाई मनोरमेला घेऊन खोलीत प्रार्थना करत, दार मात्र उघडं ठेवत, आणि काही मुली येऊन बसत. 1893 मध्ये यावरून स्फोट झाला. रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने अंग काढून घेतलं, ‘केसरी’ तुटून पडला, पालक येऊन मुलींना घेऊन गेले. उघड्या दाराचा आग्रह न्याय्य होता की चलाखीचा, यावर आजही दोन मतं पडतात. माझं मत असं की बाईंना दार लावणं जमणारंच नव्हतं, आणि उघड्या दाराचा परिणाम काय होईल हेही त्यांना न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

या काळात त्यांच्या स्वतःच्या आत एक वेगळीच घडामोड चालू होती. विल्यम हॅस्लम या अँग्लिकन पाळकाचं आत्मचरित्र त्यांनी वाचलं. पाळक होऊन वर्षं उलटल्यावर आपण ख्रिस्ताला ओळखलंच नाही, असं त्या गृहस्थाला उमगलं होतं. रमाबाईंनी ते स्वतःला लावून पाहिलं. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, वादात तो टिकला म्हणून स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाली होती. पुढे त्यांनी जॉर्ज मुलर, हडसन टेलर आणि जॉन पेटन यांची चरित्रं वाचली. मुलरने ब्रिस्टलला हजारो अनाथांना वाढवलं आणि मदतीची याचना माणसांकडे करायची नाही, फक्त देवाकडे करायची, असा नेम पाळला. रमाबाईंना प्रश्न पडला की भारतातही देवावर असा हवाला ठेवता येईल का. इथे अशी एखादी संस्था असती तर बरं झालं असतं, असं वाटत असतानाच आपण स्वतः का सुरू करत नाही, असं कोणी विचारल्याचा भास त्यांना झाला. याच काळात लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात त्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. तिथे त्यांनी एक चमत्कारिक प्रार्थना केली. पंधराचा वर्ग कर, म्हणजे दोनशे पंचवीस मुली दे. हिशेबी बाईची प्रार्थनाही हिशेबी असायची.

त्याच सुमारास त्यांनी पुणे-दौंड रेल्वेवर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. बॉस्टनची मुदत संपल्यावर फळबागेचं उत्पन्न सदनाला लागावं, असा बेत होता. हे महत्त्वाचं आहे. देवावर भार टाकायचं ठरवलेल्या बाईने आधी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, झाडं लावली.

आणि मग दुष्काळ आला. मध्य प्रांतात त्यांनी खडी फोडण्याची कामं पाहिली, मदतछावण्या पाहिल्या, पोटासाठी विकल्या जाणाऱ्या आणि पळवल्या जाणाऱ्या मुली पाहिल्या. साठेक मुली आणू, असा अंदाज होता. आल्या तीनशेच्या आसपास. उवा, खरूज, अंगावर चिंध्या, काहींना बोलायचीही शुद्ध नाही. पुण्यात तोवर प्लेग शिरला होता आणि नव्या मुलींना शहरात ठेवायला सरकारची मनाई झाली. मग केडगाव. तिथे इमारत नव्हती. राहुट्या ठोकल्या, गवताच्या झोपड्या उभारल्या, पावसात त्यांतल्या त्यांत निभावलं. शारदासदनातल्या मोठ्या मुली आल्या आणि एकेकीने नव्या मुलींचा गट ताब्यात घेतला. आंघोळ घालणं, केस कापणं, औषध लावणं, रात्री जवळ झोपणं. मिनी अब्रॅम्स ही अमेरिकन मेथडिस्ट बाई मदतीला आली. सुंदरबाई पोवारांचा आधार होताच. वर्षअखेरीस शंभरावर मुलींनी बैलगाड्यांतून भीमेवर जाऊन नदीत बाप्तिस्मा घेतला. दोनशे पंचवीसचा आकडा ओलांडला गेला आहे, याची नोंद बाईंनी आवर्जून केली.

देवावर भरवसा म्हणजे सरकारपुढे मान तुकवणं, असं मात्र त्यांनी कधी मानलं नाही. 1897 च्या मे महिन्यात त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या आणि छावणीतल्या बायकांच्या हालांवर कडाडून टीका केली, आपल्या सदनातली एक मुलगी तिथे कशी गमावली गेली हे त्यात होतं. विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नर सँडहर्स्टने आरोप नाकारले. रमाबाईंनी माघार घेतली नाही. गोऱ्या धर्मबांधवांच्या राज्याविरुद्ध हे लिहिणं सोपं नव्हतं, आणि चार वर्षांपूर्वी त्यांना झोडपणाऱ्या पुण्यालाही त्यांना कुठे ठेवावं हे त्यामुळे कळेना.

1898 मध्ये बॉस्टनचं वचन पुरं झालं. त्या अमेरिकेला गेल्या, असोसिएशन नव्याने बांधली गेली. मुलरच्या नेमाशी हे तंतोतंत जुळत नाही, हे मान्य करायला हवं. रमाबाई फक्त देवाकडे मागत असं केडगावच्या या वसाहतीविषयी, म्हणजे मुक्तीविषयी, लिहिणारे भाविक सांगतात. पण वृत्तांत छापले जात, पत्रं जात, पुढे ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे पत्रक परदेशी घरांत पोचत होतं. ते वाचून पाठवणारे पाठवत. मात्र बांधलेली रक्कम, ठरलेला आश्रयदाता, व्याजावर चालणारा निधी असं काहीच नव्हतं. महिनाअखेरीला किती तोंडांना किती धान्य लागणार हे ठाऊक असायचं आणि ते कुठून येणार हे ठाऊक नसायचं.

परीक्षा 1900 ला झाली. या वेळी दुष्काळ गुजरात-काठेवाडात होता आणि केडगावच्या परिसरातही पावसाने दगा दिला होता. सुज्ञ माणसाने अशा वेळी दार लावलं असतं. बाईंनी माणसं गुजरातला पाठवली. वसाहत एकोणीसशेच्या घरात गेली. शिवाय शंभरावर गुरं आणि चर्चच्या बांधकामाला लागणारं पाणी. आसपासच्या विहिरी आटल्या. मुक्तीच्या वृत्तांतात लिहिलं आहे की दोन विहिरींचा रोज संध्याकाळपर्यंत तळ दिसे आणि सकाळी दिवसापुरतं पाणी पुन्हा साठलेलं असे. त्या काळ्या मातीखालच्या खडकाचे झरे कसे चालतात हे भूजलाचा अभ्यासक सांगेल. त्या वर्षी केडगावात राहणाऱ्या बायकांना रोज सकाळी पोहऱ्याचा आवाज कसा लागतो यावरून दिवस कळायचा, आणि त्यांनी त्याला देवाची कृपा म्हटलं. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

मुक्तीच्या आवारात नुसती प्रार्थना होत नव्हती. हातमाग होते, तेलाचा घाणा होता, दूधदुभतं, शिवण, सुईकाम, शेती, छापखाना होता. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन होतं, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवली जाई. पंचवीसेक वर्षांपूर्वी मजुरी कमीपणाची मानून एक घर उपाशी मेलं होतं. त्या घरातली मुलगी आता प्रत्येक मुलीच्या हाताला काम असलंच पाहिजे यावर अडून बसली होती. वडिलांनी सांगितलेलं देवाला न विसरणं तिने पाळलं, फक्त श्रीनिवासाचं उशिरा सुचलेलं वाक्य तिने आधी घेतलं.

टीकाही खरी होती. भुकेल्या मुलींना अन्नाबरोबर धर्म दिला, तर तो त्यांनी निवडला म्हणायचं का? हा प्रश्न तेव्हा हिंदू टीकाकारांनी विचारला आणि त्याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर मला रमाबाईंच्या लिखाणात सापडत नाही. त्यांच्या दृष्टीने मात्र हा प्रश्नच उलटा होता: ज्याने तारलं त्याचं नाव मुलींपासून लपवायचं कसं? 1905 च्या जूनअखेरीस मुक्तीत जे संजीवन उसळलं, त्यात शेकडो मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने प्रार्थना करत, काही अनोळखी भाषांत बोलत. आजचे पेंटेकॉस्टल इतिहासकार त्याला फार महत्त्व देतात. बाई स्वतः त्या काळात मुलींच्या आरडाओरडीपेक्षा त्यांच्या नंतरच्या वागण्याकडे लक्ष ठेवून होत्या.

आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षं त्यांनी एका कामाला दिली. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबल, आणि तेही मूळ हिब्रू-ग्रीकवरून. पन्नाशीच्या सुमारास त्या या भाषा शिकत होत्या. कान अधू झाले होते, तब्येत कुरकुरत होती. खिळे जुळवणं, छापणं, बांधणं सगळं मुक्तीतल्या मुली करत.

मनोरमा ही सगळ्या कारभाराची वारस. तिने शाळा सांभाळली, गुलबर्ग्याला नवी शाळा काढली. 24 जुलै 1921 रोजी ती मिरजेला वारली, चाळिसाव्या वर्षी. वाळूतल्या खड्ड्यापासून केडगावच्या चर्चपर्यंतच्या आयुष्यात रमाबाईंच्या रक्ताचं म्हणून जे एक माणूस उरलं होतं, तेही गेलं. या मृत्यूचा अर्थ लावण्याचा त्यांनी प्रयत्न केल्याचं दिसत नाही. त्या मुद्रितांकडे परतल्या. शेवटची मुद्रितं तपासून व्हावीत म्हणून त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले आणि ते मिळाले, असं मुक्तीत सांगतात. 5 एप्रिल 1922 रोजी त्या झोपेतच गेल्या. बायबल पूर्ण छापून बाहेर पडलं ते 1924 मध्ये.